स्पर्धा परीक्षांतील इंग्रजी शब्दसंग्रह : पाठांतर किती, वाचन किती?

केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाने २०२३ साली 'मल्टि टास्किंग स्टाफ' या दहावी उत्तीर्ण उमेदवारांसाठीच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका प्रथमच इंग्रजी व हिंदीबरोबर १३ प्रादेशिक भाषांमध्ये उपलब्ध करून दिली. या भाषांमध्ये मराठी आणि कोकणीचाही समावेश होता. गणित, बुद्धिमत्ता चाचणी आणि सामान्य ज्ञान या विषयांचे प्रश्न आपल्या भाषेत वाचण्याची सोय झाल्याने प्रादेशिक भाषांतून शिकलेल्या उमेदवारांची एक जुनी मागणी मान्य झाली. तथापि, प्रश्नपत्रिकेतील एक विभाग या सवलतीच्या बाहेर राहिला. तो विभाग म्हणजे 'इंग्रजी भाषा आणि आकलन'.

या विभागाचे महत्त्व गुणांच्या हिशोबावरून लक्षात येते. नव्या रचनेनुसार ही परीक्षा दोन सत्रांत घेतली जाते. पहिल्या सत्रातील गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचे गुण केवळ पात्रतेसाठी धरले जातात. गुणवत्ता ठरते ती दुसऱ्या सत्रातील १५० गुणांवर, आणि त्यांपैकी ७५ गुण इंग्रजीचे आहेत. फायलींची ने-आण, कार्यालयाची देखभाल अशा स्वरूपाच्या कामासाठी होणाऱ्या निवडीत निम्मे वजन इंग्रजीला आहे. प्रश्नपत्रिका मराठीत आली, परंतु यशापयशाची किल्ली बऱ्याच अंशी इंग्रजीकडेच राहिली.

इतर परीक्षांचे चित्रही फारसे वेगळे नाही. आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेत, २०२२ साली लागू झालेल्या रचनेनुसार, दुसऱ्या टप्प्यातील ३९० गुणांपैकी १३५ गुण इंग्रजीला आहेत. हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत इंग्रजीचे २०० गुण आहेत. सरकारी बँकांतील अधिकारी पदाच्या पूर्व परीक्षेत १०० पैकी ३० गुण इंग्रजीचे असतात. बँकांच्या लिपिक पदाची परीक्षा १३ प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केला, मात्र तेथेही इंग्रजीचा विभाग कायम राहिला.

याउलट, रेल्वे भरती मंडळांच्या बिगर तांत्रिक पदांच्या परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभागच नसतो. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेतील ३०० गुणांची इंग्रजी प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेसाठी असून तीत २५ टक्के गुण पुरेसे ठरतात. म्हणजेच जिल्हाधिकारी होऊ इच्छिणाऱ्याचे इंग्रजी किमान पातळीपर्यंत तपासले जाते, तर कार्यालयीन सहायकाचे इंग्रजी त्याचा गुणवत्ता यादीतील क्रमांक ठरवते. या विसंगतीवर आतापर्यंत फारशी चर्चा झालेली नाही.

शब्दांना एवढे वजन का?

इंग्रजीच्या विभागात व्याकरण, उतारा, वाक्यांची जुळणी असे अनेक घटक असतात. परंतु उमेदवारांचा सर्वाधिक वेळ जातो तो शब्दसंग्रहावर. समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, वाक्प्रचार, चुकीचे स्पेलिंग ओळखणे हे प्रश्नप्रकार कर्मचारी निवड आयोगाच्या अभ्यासक्रमात नावानिशी नमूद आहेत.

परीक्षेच्या दृष्टीने या प्रश्नांचे एक वैशिष्ट्य आहे. शब्द माहीत असेल तर उत्तर काही सेकंदांत देता येते आणि वाचलेला वेळ गणिताकडे वळवता येतो. शब्द माहीत नसेल तर कितीही वेळ दिला तरी उपयोग होत नाही. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असल्याने अंदाजही महाग पडतो. गणितातील विसरलेले सूत्र पायरीपायरीने मांडता येते, शब्दाचा अर्थ तसा मांडता येत नाही.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांनाही हे प्रश्न सोयीचे आहेत. लाखो उमेदवारांच्या संगणकीय परीक्षेत निर्विवाद उत्तर असलेले, थोडक्या जागेत मावणारे आणि झटपट तपासता येणारे प्रश्न हवे असतात. कोशातील शब्द आणि त्याचे चार पर्याय ही गरज सहज भागवतात.

या सोयीतूनच शब्दयाद्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील शब्दांचे संग्रह, 'रोज ५० शब्द' अशा योजना आणि भ्रमणध्वनीवरील अॅप्स यांचा आज सुळसुळाट आहे. अमेरिकी लेखक नॉर्मन लुईस यांचे १९४९ साली प्रथम प्रसिद्ध झालेले 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे पुस्तक भारतातील पदपथांवरील पुस्तकविक्रेत्यांकडे अजूनही हमखास आढळते. हे पुस्तक मुळात यादीचे नाही, ते शब्दांच्या मूळ धातूंवरून अर्थ उलगडण्याचे आहे. अनेक उमेदवार मात्र तेही यादीसारखेच पाठ करताना दिसतात.

जगातील परीक्षांनी बदललेली दिशा

यादीवर आधारलेली परीक्षा ही मूळची भारतीय कल्पना नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची 'सॅट' परीक्षा १९२६ साली सुरू झाली आणि सुट्या शब्दांवरील प्रश्न ही अनेक दशके तिची ओळख होती. पुढे हे प्रश्न एकेक करून वगळण्यात आले. १९९४ साली विरुद्धार्थी शब्द गेले, २००५ साली शब्दजोड्यांच्या साम्यावरील प्रश्न गेले आणि २०१६ साली वाक्यातील रिकाम्या जागा भरण्याचा स्वतंत्र प्रकारही गेला. सध्याच्या संगणकीय 'सॅट'मध्ये लहान उतारा देऊन त्यातील संदर्भात कोणता शब्द नेमका बसतो, हे विचारले जाते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या परिचयाची 'जीआरई' परीक्षाही याच वाटेने गेली. मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या एका पिढीने या परीक्षेसाठी 'बॅरन्स'ची साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ केली होती. ऑगस्ट २०११ पासून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्य हे दोन्ही प्रकार तीतून वगळण्यात आले. त्यांची जागा परिच्छेदातील दोन-तीन रिकाम्या जागा परस्परांशी सुसंगत राहतील अशा रीतीने भरण्याच्या प्रश्नांनी घेतली.

भारतातही या बदलाचे उदाहरण आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट' प्रवेश परीक्षेचे स्वरूप २०२० साली बदलण्यात आले. सुट्या शब्दांवरील प्रश्नांऐवजी इंग्रजीचा संपूर्ण विभाग सुमारे ४५० शब्दांच्या उताऱ्यांवर आधारण्यात आला. शब्दार्थ आजही विचारला जातो, परंतु तो उताऱ्यातील वापरावरून ठरवायचा असतो.

या बदलांमागील तर्क समजण्यास कठीण नाही. विद्यापीठात किंवा न्यायालयात कोणीही सुट्या शब्दाचा अर्थ विचारत नाही. वाचलेला मजकूर समजणे आणि समजलेले नेमक्या शब्दांत मांडणे हीच तेथील गरज असते. पाठ केलेल्या यादीवरून हे कौशल्य मोजता येत नाही.

यादीची दुसरी बाजू

यावरून भारतातील भरती परीक्षांनीही यादीचे प्रश्न तत्काळ बंद करावेत, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मात्र या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे.

यादीला सीमा असते. मागील प्रश्नपत्रिकांतील शब्दांची पुस्तिका तालुक्याच्या गावातील उमेदवारालाही मिळते. ती पाठ करण्यासाठी घरात इंग्रजी वृत्तपत्र येत असण्याची किंवा आईवडिलांना इंग्रजी येत असण्याची आवश्यकता नसते. चिकाटी हे एकच भांडवल तेथे पुरते. उताऱ्यावर आधारित परीक्षा याहून वेगळी आहे. ती वाचनाची सवय तपासते आणि ही सवय परीक्षेआधीच्या सहा महिन्यांत लागत नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या, लहानपणापासून गोष्टीची पुस्तके हाती पडलेल्या विद्यार्थ्याला अशा परीक्षेत आपोआप आघाडी मिळते.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास २००० साली प्रारंभ झाला. त्यामुळे आज भरती परीक्षांना बसणारे राज्यातील बहुसंख्य मराठी माध्यमाचे उमेदवार शालेय जीवनात दहा वर्षे इंग्रजी शिकलेले आहेत. तरीही इंग्रजीची भीती कमी झालेली नाही. दहा वर्षांत हाताळलेली इंग्रजी पुस्तके बहुधा दहा पाठ्यपुस्तकांपुरतीच राहिली, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. विषय मिळाला, पण वाचन मिळाले नाही.

म्हणूनच यादी की वाचन हा वाद केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. कोणत्या घरातील मुलाला सरकारी नोकरीची संधी मिळणार, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

विसरण्याचे गणित

यादी सर्वांना परवडत असली तरी ती लक्षात राहते का, हा पुढचा मुद्दा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, अर्थहीन अक्षरसमूह पाठ केल्यावर त्यांतील मोठा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो. संदर्भाशिवाय पाठ केलेला परका शब्द उमेदवाराच्या दृष्टीने अशा अक्षरसमूहाच्या जवळचाच असतो.

या विस्मरणावर उपाय आहे, मात्र तो पुनःपुन्हा वाचण्याचा नाही. अमेरिकी संशोधक जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वाहिली आणि इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकवण्यात आल्या. काहींनी एकदा बरोबर आलेले शब्दही स्वतःला वारंवार विचारून पाहिले. काहींनी असे शब्द पुन्हा वाचले, परंतु स्वतःची चाचणी घेणे थांबवले. आठवड्यानंतर पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, तर दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना सुमारे एक तृतीयांशच आठवले. शब्द वाचण्याने नव्हे, तर तो आठवण्याच्या प्रयत्नाने पक्का होतो, असा याचा अर्थ आहे.

सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली मांडलेली पेट्यांची पद्धत याच तत्त्वावर चालते. शब्द एका बाजूला आणि अर्थ दुसऱ्या बाजूला लिहिलेली चिठ्ठी बरोबर आठवली की पुढच्या कप्प्यात जाते व काही दिवसांनीच पुन्हा समोर येते. चुकली तर पहिल्या कप्प्यात परत येते. बुटाच्या रिकाम्या खोक्यात चार पुठ्ठे लावूनही ही व्यवस्था करता येते. त्यासाठी महागड्या वर्गाची आवश्यकता नाही.

आणखी एक निष्कर्ष बाजारातील बहुतेक याद्यांच्या रचनेलाच धक्का देणारा आहे. अर्थाने जवळचे शब्द एकाच वेळी शिकल्यास ते एकमेकांत मिसळतात आणि शिकण्यास अधिक वेळ लागतो, असे थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. याद्या मात्र नेमक्या तशाच असतात. 'कंजूष' या अर्थाचे पाच शब्द एका ओळीत आणि 'उधळ्या' या अर्थाचे पाच शब्द दुसऱ्या ओळीत दिलेले असतात. परीक्षेत शब्द ओळखीचा वाटतो, परंतु तो कोणत्या ओळीतला हे आठवत नाही. अनेक उमेदवारांच्या परिचयाचा हा अनुभव मंदबुद्धीचा पुरावा नसून यादीच्या रचनेचा परिणाम असू शकतो. समानार्थी शब्दांपैकी एक आधी पक्का करावा आणि काही दिवसांनी त्याच्या शेजारी दुसरा ठेवावा, हा त्यावरील साधा उपाय आहे.

किती शब्द पुरेसे?

इंग्रजी शब्दांचा समुद्र अथांग असल्याची भावना उमेदवाराला हतबल करते. भाषातज्ज्ञांनी मात्र या समुद्राची खोली बऱ्यापैकी मोजली आहे आणि या मोजणीचा एक महत्त्वाचा धागा भारतीय उपखंडातील आहे.

मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ भारतीय शिक्षण सेवेत ढाका येथे कार्यरत होते. बंगाली विद्यार्थ्यांच्या इंग्रजीचा अभ्यास करून त्यांनी १९२६ साली 'बायलिंग्वालिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना प्रथम वाचता आले पाहिजे आणि त्यासाठी वारंवार येणाऱ्या मोजक्या शब्दांत लिहिलेली, टप्प्याटप्प्याने अवघड होत जाणारी पुस्तके हवीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची सर्वोपयोगी यादी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडमधील संशोधक अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली तीत ५७० शब्दकुळांच्या शैक्षणिक यादीची भर घातली. एका मूळ शब्दापासून बनलेल्या सर्व रूपांचे मिळून एक शब्दकुळ मानले जाते. ही ५७० कुळे शैक्षणिक लेखनातील सुमारे १० टक्के शब्दसंख्या व्यापतात.

वृत्तपत्रे आणि कादंबऱ्या कोणाच्या मदतीविना वाचण्यासाठी सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुळांची आवश्यकता असते, असा अंदाज न्यूझीलंडचेच पॉल नेशन यांनी २००६ साली मांडला. मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, हे त्यामागील गृहीतक आहे. हा आकडा परीक्षेतील उताऱ्याला लावून पाहिला तर त्याचे महत्त्व कळते. ४५० शब्दांच्या उताऱ्यात ९८ टक्के शब्द माहीत असतील तर केवळ ९ शब्द अनोळखी राहतात आणि त्यांचा अर्थ संदर्भाने लावता येतो. ९० टक्केच माहीत असतील तर अनोळखी शब्दांची संख्या ४५ होते. अशा वेळी प्रत्येक वाक्यात ठेच लागते आणि संदर्भच हाती लागत नाही.

'इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख रोज वाचा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला त्यामुळेच सर्वांना लागू पडत नाही. पायाभूत अडीच हजार शब्द पक्के नसलेल्या उमेदवाराने अग्रलेख घेतल्यास त्याचा बहुतांश वेळ कोश चाळण्यात जातो आणि आठवड्याभरात वृत्तपत्र बाजूला पडते. आधी सोपे आणि ओळीने वाचता येईल असे पुस्तक, मग बातमी आणि त्यानंतर अग्रलेख हा क्रम अधिक व्यवहार्य आहे. आदल्या दिवशी मराठीत वाचलेली बातमी दुसऱ्या दिवशी इंग्रजीत वाचणे हाही परिणामकारक मार्ग आहे. विषय माहीत असल्याने अनोळखी शब्दाचा अर्थ आपोआप उलगडत जातो.

मराठी माध्यमाची शिदोरी

मराठीतून शिकलेला उमेदवार या स्पर्धेत रिकाम्या हाताने उतरतो, असा समज रूढ आहे. तो पूर्णतः खरा नाही. उपसर्ग, प्रत्यय आणि धातू यांची ओळख त्याला शाळेतील मराठी व संस्कृत व्याकरणातून झालेली असते. 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' हा प्रश्नही त्याने मराठीच्या परीक्षेत सोडवलेला असतो. 'कृतघ्न' आणि 'अजातशत्रू' हे शब्द फोड करून समजून घेणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दाची फोड परकी वाटू नये.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, हे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात मांडले. इंग्रजीतील अवघड मानले जाणारे बहुसंख्य शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले असल्याने या नात्याचा परीक्षार्थीलाही लाभ होतो. 'डेंटल'मध्ये दंत, 'नॉमिनल'मध्ये नाम, 'इनोव्हेशन'मध्ये नव आणि 'जेनेसिस'मध्ये जन् धातू दिसू लागला की शब्द परका राहत नाही. 'अमर' आणि 'इम्मॉर्टल' या शब्दांची तर बांधणीही एकच आहे. नकारदर्शक उपसर्ग आणि मरणवाचक धातू असे दोन्ही शब्दांचे घटक आहेत. 'सु' आणि 'दुः' या उपसर्गांप्रमाणे लॅटिनमधील 'बेने' आणि 'मॅल' चांगल्या-वाईटाचा भेद करतात. 'बेनिव्होलंट' म्हणजे भले इच्छिणारा, हे एकदा कळले की 'मॅलेव्होलंट'चा अर्थ कोश न उघडताही सांगता येतो.

फोड करून अर्थ लावण्याला मर्यादाही आहेत. 'अमूल्य' म्हणजे मूल्य नसलेले नव्हे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. इंग्रजीतील 'इनव्हॅल्युएबल' या शब्दाचेही तसेच आहे. मात्र परीक्षेच्या घाईत उपसर्ग पाहून त्याचा अर्थ 'निरुपयोगी' असा लावण्याची चूक हमखास होते. धातू ही वाट दाखवणारी खूण आहे. मुक्कामाला पोहोचल्याची खात्री वाक्यच देते.

शब्दाचा अर्थ माहीत असणे आणि त्याची सोबत माहीत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठीत पाऊस पडतो, थंडी वाजते, भूक लागते आणि निर्णय घेतला जातो. 'थंडी' शब्द येणाऱ्या परभाषकाला 'वाजते' हे वेगळे शिकावे लागते. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' असतो, 'स्ट्राँग' नसतो, तर चहा 'स्ट्राँग' असतो, 'हेवी' नसतो. वाक्यदुरुस्ती आणि रिकाम्या जागांचे प्रश्न अनेकदा याच सोबतीची परीक्षा घेतात. यादीतील शब्द एकटा असल्याने ही सोबत यादीतून मिळत नाही.

सोप्या शब्दांचे दुसरे अर्थही असेच चकवतात. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, हे कर्जाचा अर्ज केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय बातम्यांत मात्र एखाद्या देशावर लादलेल्या निर्बंधांसाठीही हाच शब्द येतो. 'चेक' म्हणजे तपासणे, तसेच आळा घालणेही. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणे, तसेच आपल्या विधानाला मर्यादा घालणेही. संदर्भावर आधारलेल्या परीक्षांमध्ये दुर्मीळ शब्दांइतकेच असे ओळखीचे शब्द निर्णायक ठरतात, आणि ते आधीच 'येतात' असे वाटत असल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

या कामी द्विभाषिक कोशाची मदत कमी लेखण्याचे कारण नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली, तर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच पाहावा, हा आग्रह प्रगत टप्प्यावर योग्य आहे. सुरुवातीला मात्र मराठी अर्थ पाहून लगेच इंग्रजी वाक्य वाचणे अधिक लाभदायक ठरते.

परीक्षा संस्थांपुढील प्रश्न

उमेदवाराने कसा अभ्यास करावा, हे अखेरीस परीक्षा ठरवते. प्रश्नपत्रिकेत सुटे शब्द येत राहतील तोवर याद्या विकल्या जातील आणि पाठही होतील. त्यामुळे सुधारणेची पहिली जबाबदारी परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडे जाते.

या संदर्भात तीन बाबींचा विचार आवश्यक आहे. पहिली बाब म्हणजे पदाच्या कामाला किती आणि कोणते इंग्रजी लागते, याचा प्रश्नपत्रिकेशी मेळ. दहावी पातळीच्या पदासाठी कार्यालयीन सूचना, साधे पत्र किंवा अर्ज समजणे गरजेचे असू शकते. साहित्यिक वाक्प्रचारांची गरज तेथे सिद्ध करावी लागेल. दुसरी बाब म्हणजे अभ्यासक्रमाची मर्यादा. गणिताच्या अभ्यासक्रमात प्रकरणांची नावे दिलेली असतात, शब्दसंग्रहाच्या बाबतीत मात्र कोणत्या पातळीपर्यंतचे शब्द विचारले जातील, हे सांगितले जात नाही. पायाभूत शब्दांची अधिकृत यादी जाहीर करून ते शब्द वाक्यांत विचारले, तर यादीची समता आणि संदर्भाची नेमकेपणा या दोहोंचा लाभ मिळू शकतो. तिसरी बाब शाळांशी संबंधित आहे. मराठी माध्यमाच्या शाळांतील ग्रंथालयांत टप्प्याटप्प्याने अवघड होत जाणारी इंग्रजी पुस्तके पोहोचल्याखेरीज उताऱ्यांवर आधारित परीक्षा न्याय्य ठरणार नाही.

हे बदल होईपर्यंत उमेदवारापुढे दुहेरी वाटचालीचाच मार्ग उरतो. मागील प्रश्नपत्रिकांतील शब्द मर्यादित संख्येने, चाचणीच्या पद्धतीने पक्के करणे आणि त्याच वेळी पातळीला साजेसे वाचन रोज चालू ठेवणे, यांतील एकावरच विसंबणे जोखमीचे आहे. दिवसाला ५० शब्द वाचून जाण्यापेक्षा दहा शब्द महिनाभरानंतरही आठवणे अधिक मोलाचे आहे.

वेस्ट यांनी आपल्या १९२६ च्या ग्रंथात विमा व्यवसायातील 'सरेंडर व्हॅल्यू' ही संज्ञा शिक्षणाला लावली होती. पॉलिसी मुदतीपूर्वी बंद केल्यास विमाधारकाच्या हाती जी रक्कम पडते, ती सरेंडर व्हॅल्यू. शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीही काही पडले पाहिजे आणि अभ्यासक्रमाची आखणी ते ध्यानात घेऊनच व्हायला हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. जवळपास शंभर वर्षांनंतर हा विचार भरती परीक्षांना तंतोतंत लागू पडतो. लाखो उमेदवार तयारी करतात आणि जागा मात्र थोड्यांनाच मिळतात. उरलेल्यांनी आयुष्यातील दोन-तीन उमेदीची वर्षे या तयारीत गुंतवलेली असतात. पाठ केलेली यादी निकालानंतर काही महिन्यांतच पुसली जाते. वाचता येऊ लागलेली भाषा मात्र दुसऱ्या नोकरीत, व्यवसायात किंवा पुढील शिक्षणात उपयोगी पडत राहते. इंग्रजी विभागाची फेररचना करताना निवड झालेल्यांइतकाच निवड न झालेल्यांचाही हा हिशोब मांडला जायला हवा.